सरांनी फार छान शिकवलं

सोलापूर,
१२ जून १९७८

चि. शिवयोगी यास गौरम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "केंद्रावर काम फार आहे, या खेपेला जमणार नाही," हे तू दुसऱ्यांदा लिहितोस. काम फार म्हणून शिकायला वेळ नाही, हे म्हणजे पाय भाजतात म्हणून चप्पल घालत नाही असं झालं. तुझी आई माझी आत्या, चुलत का होईना. म्हणून ऐकून घेते. दुसरा डॉक्टर असता तर त्याचं कार्ड मी परत पाठवलं असतं.

परिपत्रक तू वाचलेलं नसणारच, तेव्हा पुन्हा सांगते. सरकार गावोगावी आरोग्य रक्षक नेमतंय. त्यांना शिकवायचं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं आणि सिस्टरनं. आणि शिकवायचं कसं, हे त्या दोघांना शिकवायचं आमचे डॉ. चनमल्लप्पा आणि मी. म्हणून प्रत्येक केंद्रातून डॉक्टर आणि सिस्टर अशी जोडी बोलावलीय. पंधरा दिवस एका बाकावर बसायचं, धडा दोघांनी मिळून घ्यायचा. धडा झाला की डॉक्टरनं सिस्टरच्या चुका सांगायच्या आणि सिस्टरनं डॉक्टरच्या, सगळ्यांसमोर. घोडं अडतंय ते इथेच.

दोन तुकड्या झाल्या. सकाळी एकेक डॉक्टर उशिरा येतो, की सगळ्या सिस्टर उठून उभ्या. मी म्हणते बसा, त्या बसतात. दुसरा येतो, पुन्हा उभ्या. शाळेतली कवायत बरी! माढा तालुक्यातल्या एका केंद्राचे डॉ. मानसिंगराव तासभर फळ्याशी बोलले, वर्गाकडे एकदा वळून पाहिलं नाही. त्यांच्या सिस्टर विजयमालाबाईंना मी विचारलं, काय चुकलं सांगा. त्या म्हणाल्या, "सरांनी फार छान शिकवलं." दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. "सरांनी फार छान शिकवलं." पालथ्या घड्यावर पाणी! रात्री झोपेत मला हेच ऐकू येतं.

आता नीट ऐक. पुण्याच्या विभागीय कचेरीचे साहेब पहिल्यापासून या एकत्र शिकवण्याच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांना पुण्यात वेगळं बोलावू आणि सिस्टरांना सोलापुरात चार व्याख्यानं देऊन मोकळं करू. मी भांडून भांडून हा कोर्स पदरात पाडून घेतलाय. ऑगस्टमध्ये तिसरी तुकडी. तिच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः बघायला येणार, जुन्या जोड्याही येणार. त्या दिवशी एका तरी सिस्टरनं तोंड उघडलं नाही, तर कोर्स संपला. तुझ्या केंद्राच्या सिस्टर मल्लव्वाला घेऊन मुकाट्यानं ये.

गौरम्मा

•

हिरेहळ्ळी, ता. अक्कलकोट,
२१ जून १९७८

ती. अक्का हिस शिवयोगीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. बसून वाचायची हिंमत झाली नाही.

माझी कारणं खोटी नाहीत. जीपचं मागचं चाक पंधरा दिवस अक्कलकोटला दुरुस्तीला आहे. पटकीची इंजेक्शनं संपवायची आहेत आणि आणीबाणीतल्या ऑपरेशनांपासून केंद्राची माणसं दिसली की बाप्ये अजून ज्वारीच्या रानात पळतात. आम्ही सुई घेऊन मागे, ते धोतर सावरत पुढे. पण खरं कारण निराळं आहे. घरी मी तुझ्या पाया पडतो. आणि तिथे मी वर्गात आलो की तू उठून उभी राहणार? की मी उभा राहू? डॉ. चनमल्लप्पा काय म्हणतील?

मल्लव्वाबद्दल मात्र तुझा गैरसमज होऊ नये. ती मुकी नाही. परवा सरपंच शंकरप्पा लसीच्या पेटीवर पाय ठेवून बसले होते. त्यांना ती म्हणाली, "अण्णा, पाय काडा. ते तुमच्या घरचं पाट न्हाय." सरपंचांनी पाय काढला. कानडीतून भांडायला लागली की गल्ली रिकामी होते. फक्त माझ्यासमोर ती "व्हय सर" म्हणते. मी औषध चुकीच्या बाटलीतून ओतू लागलो तर बरोबर बाटली माझ्या हाताजवळ आणून ठेवते, पण "चुकलं" म्हणत नाही. आठ महिने असंच चाललंय. मला ते सोयीचंही पडतं, खोटं कशाला बोलू?

ऑगस्टमध्ये येतो.

तुझा,
शिवयोगी

•

सोलापूर,
२५ जुलै १९७८

चि. शिवयोगी यास आशीर्वाद.

वर्गात कोणी कोणासाठी उठायचं नाही. झालं समाधान?

एक युक्ती सुचलीय. चिडू नकोस, पूर्ण वाच.

सिस्टर बोलत नाहीत, कारण त्यांना चुकीची सवय नाही. म्हणजे डॉक्टर चुकला असं म्हटलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. एकदा पाहिलं की जिभा सुटतील. ते दाखवायला मला एक चूक हवी आणि चूक दाखवली म्हणून न चिडणारा एक डॉक्टर हवा. असा डॉक्टर या जिल्ह्यात तू सोडून मला माहीत नाही, आणि तूही फक्त मला भितोस म्हणून.

तर शेवटच्या दिवशी साहेबांसमोर तू आणि मल्लव्वा हगवणीचा धडा घ्या. त्यात तू मुद्दाम सांगायचं, की पोराला हगवण लागली की पहिला दिवस पाणी, दूध सगळं बंद ठेवा, पोटाला विश्रांती द्या. आमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मीठ-साखरेचं पाणी घोटून घेतलेलं असतं, तेव्हा ही चूक आंधळ्यालाही दिसेल. मग मल्लव्वानं उठायचं आणि म्हणायचं, सर, हे चुकलं, पाणी बंद नाही करायचं, उलट जास्त द्यायचं. तू म्हणायचं, बरोबर आहे सिस्टर, माझं चुकलं. बस्स. दोन मिनिटांचं काम.

मल्लव्वाला आधी नीट समजावून ठेव. डॉ. चनमल्लप्पांना मी सांगितलेलं नाही. ते उगीच पोटात गोळा आणून घेतील.

गौरम्मा

•

हिरेहळ्ळी,
२ ऑगस्ट १९७८

ती. अक्कास नमस्कार.

मल्लव्वाला सांगितलं. आधी चूक काय करणार ते सांगितलं, मग तिनं काय म्हणायचं ते सांगितलं, मग मी काय म्हणणार तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय सर."

अक्का, मला हे "व्हय" आवडलेलं नाही. एकतर नाटकातलं धाडस खऱ्या कामाला येतं का, याची मला शंका आहे. दुसरं, पोटाला विश्रांती द्या हे तर इथली प्रत्येक म्हातारी सांगतेच. तेच डॉक्टरच्या तोंडून गेलं आणि कोणी अडवलं नाही तर? तू म्हणशील शिवयोगीला पळवाट हवी. बरं, तू अक्का, मी धाकटा. सांगशील तसं चुकतो.

शिवयोगी

•

सोलापूर,
२८ ऑगस्ट १९७८

शिवयोगी,

आशीर्वाद द्यायची आज इच्छा नाही, तरी दिले असं समज.

तू फळ्यापाशी होतास, मागचं तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिते. तू "पाणी बंद" म्हणालास तेव्हा विजयमालाबाईंनी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, मग डॉ. मानसिंगरावांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. डॉ. मानसिंगराव खिडकीतून गिरणीच्या धुराकडे बघत होते. डॉ. चनमल्लप्पांनी चष्मा पुसायला घेतला. धडा संपला. मी मल्लव्वाला विचारलं, सिस्टर, डॉक्टरांचं काय चुकलं? मी इतक्या गोडीनं आयुष्यात कोणाशी बोललेली नाही. आणि ती बाई उठून म्हणते काय, "सरांनी लई चांगलं सांगितलं."

माझ्या हातातला खडू तुटला. अरे, तिला सांगितलं होतंस ना तू? की मलाच बनवलंत दोघांनी मिळून?

बरं, पुढे मी काही म्हणेपर्यंत साहेब उभे राहिले. म्हणाले, असा सुबोध पाठ मी पाहिला नाही, डॉक्टर आणि नर्स यांच्यात किती हे सामंजस्य! एकत्र कोर्स आणखी वर्षभर चालू ठेवायला त्यांची हरकत नाही, पुढची तुकडी १५ नोव्हेंबरला. टाळ्या! हार, फोटो. तू तर फोटोला सुद्धा थांबला नाहीस, धावत एसटी स्टँड गाठलंस.

म्हणजे जो धडा पाहून कोर्स वाचला, तोच चुकीचा. कपाळावर हात मारून घ्यावा तर दोन्ही हातांत हार. खुलासा करायला मला वेळच मिळाला नाही, साहेब घाईत होते. मी सगळ्या केंद्रांना आजच पत्रं टाकली, की त्या धड्यात एक चूक मुद्दाम केलेली होती, पाणी बंद करू नका. तेवढ्यानं भागेल.

मल्लव्वाला विचार, तिनं माझ्यावर हा सूड का उगवला.

गौरम्मा

•

हिरेहळ्ळी,
९ सप्टेंबर १९७८

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

मल्लव्वाला विचारलं. पहिल्यांदा "व्हय सर" म्हणाली. मग मी चिडलो. म्हटलं, व्हय काय व्हय, मी प्रश्न विचारलाय! तेव्हा हातातल्या सिरिंजा उकळत्या पाण्यात सोडून ती वळली आणि बोलली. ते जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या मराठीत त्यातला दम जाईल.

"तुमी म्हनला चूक काड. म्या म्हनलं व्हय. पर तितं ते पुन्याचं सायब बसलं व्हतं की. तेंच्या म्होरं म्या म्हनलं आमचं डाक्टर चुकलं, तर ते काय म्हननार? ह्या डाक्टरला काय येत न्हाय, उचला हितनं. मुद्दाम चुकलं हे तेनला कोन सांगनार? तुमच्या आदी दीड वरीस ह्या दवाखान्याला डाक्टर नव्हता, सर. कुलूप व्हतं. बाई अडली की गाडीत घालून अक्कलकोटला न्यायची. चनबसव्वाची सून वाटंतच गेली, माज्या मांडीवर. ती अक्का सोलापुरात ऱ्हाती. तिला डाक्टर लई. आमाला एक हाय. चुका काडून तेला घालवू व्हय?"

आपण तिला भित्री समजत होतो. ती हिशेब करत होती, आणि हिशेब तिच्या बाजूनं चुकीचा नाही. आपण इतके महिने ज्याला शिस्त म्हणत होतो ती डॉक्टर टिकवण्याची युक्ती आहे. माझ्या आधीच्या डॉक्टरांच्याही चुका तिनं अशाच झाकल्या असणार, तरी ते गेलेच.

आता एक माझं. तू लिहितेस, खुलाशाला वेळ मिळाला नाही. फोटोच्या आधी साहेबांनी चहा दोनदा घेतला, अक्का. मी दाराशी उभा होतो. तू त्यांना पेढ्यांचं ताट पुढे करत होतीस.

शिवयोगी

•

सोलापूर,
१ ऑक्टोबर १९७८

चि. शिवयोगी यास आशीर्वाद.

मल्लव्वाचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मग राग आला तो स्वतःचा आला, म्हणून तुझ्यावर काढत नाही. पेढ्यांचं बोललास ते बोललास, पुन्हा बोलू नकोस.

केंद्रांची उत्तरं आली. वाच आणि माझ्यासारखंच डोकं धरून बस. सगळ्यांना माहीत होतं! एकूण एक जणांना! विजयमालाबाई लिहितात, "चूक लक्षात आली होती, परंतु आमचे सर काही बोलले नाहीत, मग मी कशी बोलू?" डॉ. मानसिंगराव लिहितात, "सिस्टरांसमोर दुसऱ्या डॉक्टरची चूक काढणं बरं दिसत नाही." डॉ. चनमल्लप्पा समोरच्या टेबलावर बसतात, त्यांना तोंडी विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं नवीन संशोधन असेल." गावी जाऊन प्रत्येकानं बरोबर तेच शिकवलंय, पाणी द्या म्हणून. सगळं येतं यांना! फक्त एकमेकांना सांगता येत नाही.

तेव्हा नुकसान काही झालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोव्हेंबरच्या तुकडीला मी वेगळ्या रीतीनं शिकवीन. आता हा विषय बंद.

आत्याच्या गुडघ्यांना तेल पाठवलंय.

गौरम्मा

•

हिरेहळ्ळी,
२३ ऑक्टोबर १९७८

ती. अक्का,

विषय बंद झालेला नाही.

सोबत परिपत्रकाची नक्कल जोडलीय. तुझ्याकडे मूळ आलंच असेल, मग तू मला कळवलं का नाहीस ते तूच जाणे. खाली पुण्याच्या साहेबांची सही. विभागातल्या सगळ्या केंद्रांना आणि आरोग्य रक्षकांना सूचना, की हगवणीत पहिल्या दिवशी पाणी व दूध बंद ठेवून पोटाला विश्रांती द्यावी, "सोलापूर येथे डॉ. शिवयोगी यांनी दिलेल्या आदर्श पाठाप्रमाणे." माझं नाव छापलंय, अक्का! तुझ्या दोन मिनिटांच्या कामाचं बक्षीस.

साहेबांची चूक म्हणावं तर त्यांच्या वेळी हेच शिकवत होते. त्यांना वाटलं असेल, हा पोरगा जुनं ज्ञान विसरलेला नाही.

इथे काय झालं ते ऐक. आमचा आरोग्य रक्षक जोतीराम याला मीच शिकवलं होतं, पाणी द्या म्हणून. त्यानं परिपत्रक चावडीवर वाचून दाखवलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, बघा, आम्ही काय सांगत होतो! डॉक्टरनंबी मान्य केलं, नाव हाय तेचं. गेल्या सोमवारी काशम्माचं दहा महिन्यांचं पोर आणलं. सकाळपासून एक थेंब दिलेला नाही, कारण "तुमीच लिवलंय." डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मल्लव्वा आणि मी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चमच्यानं पाणी पाजत बसलो, शिरेत सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. पोर वाचलं. मल्लव्वानंच काशम्माचं बाळंतपण केलं होतं. ती घरी जाताना माझ्याशी बोलली नाही. "व्हय सर" सुद्धा नाही.

आता साहेबांना लिही. लगेच.

शिवयोगी

•

सोलापूर,
३० ऑक्टोबर १९७८

चि. शिवयोगी,

पोर वाचलं हे वाचून मी सिद्धेश्वराला जाऊन आले. त्याची तब्येत रोज कळव.

परिपत्रक माझ्याकडे बारा तारखेलाच आलं. तुला कळवलं नाही, कारण काय लिहावं ते कळेना. तू म्हणतोस साहेबांना लिही. लिहिते आणि फाडते. मी लिहिलं की ते काय म्हणणार? आधी मला फसवलंत, आता माझं परिपत्रक चुकीचं म्हणता, हा तुमचा एकत्र कोर्स! मोडून टाका. १५ तारखेची तुकडी ठरलीय, जोड्यांना पत्रं गेलीत. बावीस वर्षं मी वॉर्डात डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी राहिले. पोरींना शिकवायला फळ्यावर काही लिहावं आणि डॉक्टर आले की पदरानं पुसावं. हा एक कोर्स असा, जिथे पुसावं लागत नाही. तो माझ्या हातानं मारू?

असं कर. प्रत्येक केंद्रानं आपापल्या गावात गुपचूप दुरुस्ती करावी. मी सगळ्यांना खासगी कार्डं टाकते. परिपत्रक काय, चार महिन्यांनी दुसरं येतंच. साहेब मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत असंही ऐकते.

तू चिडशील. चीड.

गौरम्मा

•

हिरेहळ्ळी,
४ नोव्हेंबर १९७८

अक्का,

मल्लव्वाला एक डॉक्टर वाचवायचा होता, तुला एक कोर्स वाचवायचाय. फरक एवढाच, की ती दुसऱ्यांना तोंड उघडा म्हणून शिकवत फिरत नाही.

गुपचूप दुरुस्ती जोतीरामपर्यंत पोचत नाही. छापील कागद पोचतो. त्यानं मला तोंडावर विचारलं, "सायेब खरं का तुमी खरं?"

साहेबांना पत्र मी लिहिलंय, ते सोबत आहे. धड्यातली चूक मुद्दाम केली होती, परिपत्रक मागे घ्यावं, एवढंच. खाली माझी सही. मल्लव्वाला वाचून दाखवलं आणि सांगितलं, यावरून माझी बदली होऊ शकते. ती म्हणाली, "काशम्मा रोज दारावरनं जाती. तिच्या म्होरं मान वर करता आली पायजे की." आणि सही केली. वरची जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय. नसेल करायची तर तसंच परत पाठव, मी टाकतो.

काशम्माचं पोर रांगायला लागलंय.

शिवयोगी

•

सोलापूर,
२६ नोव्हेंबर १९७८

चि. शिवयोगी आणि मल्लव्वा, दोघांनाही आशीर्वाद.

सही केली. पण पत्र टपालानं टाकलं नाही. टपालातलं पत्र दाबता येतं. तेरा तारखेला इथे जिल्ह्याची बैठक होती, साहेब आले होते, तुम्ही दोघं तेवढे नव्हतात, बाकी सगळ्या केंद्रांचे डॉक्टर आणि सिस्टर समोर. मी उठले आणि वाचलं.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मला शिकवताय?"

मी म्हटलं, "हो साहेब. पगार त्याचाच मिळतो."

ते म्हणाले, आमच्या वेळी विश्रांतीच शिकवत होते. म्हटलं, माझ्याही वेळी हेच होतं, नंतर बदललं. इथवर ते ऐकत होते. चूक मुद्दाम पेरली होती हे ऐकल्यावर मात्र खरे भडकले, आणि तिथे त्यांचं चुकलं नाही. पोराच्या जिवाशी खेळ होतो अशी चूक मी पेरायला नको होती. मी तसं सांगितलंसुद्धा. मग त्यांनी सभेला विचारलं, कोणाकोणाला ही चूक त्या दिवशी कळली होती? वाटलं आता तरी हात वर होतील. शिवयोगी, एक हात वर झाला नाही. डॉ. चनमल्लप्पा पंख्याकडे बघत होते. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हे शिकवलंत तुम्ही?"

परिपत्रक आठवड्याच्या आत मागे घेतलं, नवं निघालंय, पाणी द्या म्हणून. ते जोतीरामला चावडीवर वाचायला लाव. १५ तारखेची तुकडी रद्द. एकत्र कोर्स बंद. डॉक्टर पुण्याला जाणार, सिस्टरांना मी इथे व्याख्यानं देणार. ऑर्डर हातात आली त्या दिवशी मी खोलीचं दार लावून रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त. सगळ्यांना सगळं येत होतं रे!

तुझ्याबद्दल साहेबांनी एवढंच विचारलं, "हा मुलगा कुठल्या केंद्रावर आहे?" पुढे काय होईल मला ठाऊक नाही.

गौरम्मा

•

हिरेहळ्ळी,
१७ डिसेंबर १९७८

ती. अक्कास शिवयोगीचा साष्टांग नमस्कार.

बदलीची ऑर्डर आलेली नाही. तुझ्या कोर्सचं वाचून वाईट वाटलं. आज लिहायला एक कारण मिळालंय.

सकाळी आरोग्य रक्षकांचा वर्ग होता. जोतीराम धरून दहाबारा जण, सरपंच शंकरप्पाही येऊन बसलेले. विषय विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचा. मी बोलण्याच्या भरात सांगून गेलो, पावडर टाकली की बायांनी पाणी भरायला हरकत नाही. मुद्दाम नव्हे, अक्का. खरोखर चुकलो.

मागून आवाज आला, "सर, चुकलं तुमचं. लगीच न्हाय भरायचं. अर्धा तास थांबाया लागतंय."

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. तू मला न चिडणारा डॉक्टर म्हणाली होतीस, ते खोटं आहे. माझे कान तापले. तिला गप्प करावंसं वाटलं, सगळ्यांना घालवून द्यावंसं वाटलं. कसाबसा म्हणालो, बरोबर आहे सिस्टर, अर्धा तास. जोतीरामनं विचारलं, मग काय लिहू? मी म्हटलं, सिस्टर म्हणतात ते लिही.

वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं माफी मागायला आलीय.

म्हणाली, "सर, तुमी सोताहून बदली मागनार न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, नाही.

"सायबानं पाटवलं तर?"

म्हटलं, भांडेन. अक्काकडून शिकलोय.

तिनं पदरानं तोंड पुसलं, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "तर मंग खरजेच्या औषदाचं बी परवा उलटं सांगितलंय तुमी. आन् बाळंतिनीच्या गोळ्यांचं. आन् त्या काशम्माच्या जावंला जे लिवून दिलं, ते बी मला पटलेलं न्हाय."

अक्का, दुपारचा चहा झाला, दिवे लागले, बाई अजून बसलेलीच आहे. आत्ता मागच्या उन्हाळ्यापर्यंत पोचलीय. हिला थांबवायचं कसं ते उलट टपाली कळव.

तुझा,
शिवयोगी